एकोणीस इंच

१

१९८४चा उन्हाळा आमच्या घरात फार सुखाचा गेला, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून कुणाला ते खरं वाटायचं नाही.

दर शनिवारी सकाळी नऊ वाजता मी आणि माझी सोळा वर्षांची मुलगी विनीता स्टेशन वॅगनमध्ये फावडं, सिमेंटची पिशवी, पाण्याचा कॅन आणि कोरे मेलबॉक्स टाकून निघायचो. शिक्षा तिची होती, मजा मात्र मला येत होती. नागपूरला असताना मी भिंतीत खिळासुद्धा ठोकला नव्हता. अमेरिकेत, कॅरी गावाला आल्यावर मला हत्यारांचं वेड लागलं. माझी पत्नी शैला म्हणायची, "ह्यांना दुकानात सोडलं की साडीच्या दुकानात बाई सोडल्यासारखं होतं."

तेव्हा कॅरीच्या कडेला तंबाखूची शेतं होती आणि पाइनचं रान होतं. घरं आत, झाडांमध्ये, आणि प्रत्येकाचा मेलबॉक्स बाहेर रस्त्याच्या कडेला, लाकडी खांबावर. गोल पाठीची पत्र्याची पेटी, पुढे झडप, बाजूला लाल निशाण. निशाण वर असलं, की आत पोस्टमननं घेऊन जायचं काहीतरी आहे असं समजायचं.

शाळेच्या शेवटच्या आठवड्यात, दिवेलागणीच्या सुमाराला, विनीनं अशा पेट्या फोडल्या होत्या. तिची मैत्रीण दीपा वडिलांची गाडी चालवत होती, आणि विनी उजव्या खिडकीतून सॉफ्टबॉलची बॅट बाहेर काढून, चालत्या गाडीतून, एका हातानं एकेक पेटी उडवत गेली. का, असं मी विचारलं. "इट वॉज फन, बाबा," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

मिसेस अपचर्च नावाच्या शेजारणीनं तिला ओळखलं. तिनं पोलिसांऐवजी मला फोन केला, ह्याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे. दीपाच्या वडिलांनी, डॉक्टर नरेंद्रनी, "आमची फक्त गाडी चालवत होती" असं म्हणून दीपाला उन्हाळाभर न्यू जर्सीला मावशीकडे धाडून दिलं. मी विनीला वही दिली आणि म्हटलं, "किती ते लिहून काढ. सगळे आपण बसवून देऊ. प्रत्येक दारात जाऊन तू माफी मागायचीस."

तिनं अकरा लिहिले.

२

मेलबॉक्स एकोणीस इंच लांब असतो. खांब दोन फूट जमिनीत आणि साडेतीन फूट वर. हे आकडे मला अजून पाठ आहेत, कारण मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. रिसर्च ट्रँगल ह्या जवळच्या उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीत मी वस्तू किती दिवसांत मोडतात ते तपासायचो.

पहिल्या शनिवारी विनी तोंड पाडून बसली होती. दुसऱ्या शनिवारी तिनं स्वतः खड्डा खणला. त्या लाल चिकणमातीत खड्डा खणणं म्हणजे गंमत नाही. तिसऱ्या शनिवारी ती मला म्हणाली, "बाबा, तुमचा खांब वाकडा आहे," आणि खरंच वाकडा होता. मला इतका आनंद झाला की मी तो उपटून पुन्हा बसवला.

माफीचं पत्र ती दारात उभी राहून वाचून दाखवायची. सोबत शैलानं दिलेले बेसनाचे लाडू, मार्जरिनच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यांत. हे डबे आम्ही सगळे मराठी लोक वर्षभर धुऊन साठवायचो. लोकांना देताना बरे, परत मागायला नकोत. शैलानं मोजून अकरा भरले होते.

अकरावा बॉक्स बसवून परत निघालो, तर रस्त्याच्या वळणावर आणखी एक मोडकी पेटी दिसली. खांब कलंडलेला, पेटी चेपलेली. वर नाव नाही, नंबर नाही. मागे नुसतं रान. आत जाणारा रस्ता नाही, पायवाटसुद्धा नाही.

"विनी, हा कुणी फोडला?"

"आय डोन्ट नो. हा आमचा नाही." ती दुसऱ्या बाजूच्या शेताकडे बघत होती.

"मग असू दे. एक बॉक्स जास्तीचा आणलाच आहे. बाराच्या बारा सरळ उभे दिसले की बरं वाटतं."

ती गाडीतून उतरली नाही. मी एकट्यानं बसवला. माफी कुणाची मागणार, घरच नव्हतं. पण लाडवांशिवाय निघायला माझंच मन होईना. प्लॅस्टिकचे डबे संपले होते. आमच्या दोघांच्या जेवणाचा स्टीलचा डबा होता, सौ. शैला असं नाव कोरलेला, आणि त्यात दुपारच्या खाण्यातले चार लाडू उरले होते. तो मी फडक्यात बांधून आत ठेवला, झडप लावली आणि घरी आलो.

शैला म्हणाली, "स्टीलचा? अहो, तो परत यायला हवा ना!"

मी म्हटलं, "येईल की."

३

पुढच्या शनिवारी काम काहीच नव्हतं, पण सवय लागली होती. नुसतं बघून येऊ म्हणून निघालो. अकरा खांब सैनिकांसारखे ताठ उभे. वळणावर गेलो, तर बाराव्याचं लाल निशाण वर.

झडप उघडली. आत डबा होता, आमच्याच फडक्यात बांधलेला. धुऊन, पुसून लख्ख केलेला. उघडला तर आत रानातल्या ब्लॅकबेरी. बऱ्याचशा चेपलेल्या होत्या, पण गोड.

शैलाला हे कळलं तेव्हा तिचा चेहरा काय खुलला! आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत. चिमूटभर साखर का होईना, घालूनच पाठवायचा. आठ वर्षं ह्या देशात राहून तिला तसा डबा कधी परत आला नव्हता. इथल्या बायका गोड बोलायच्या, डबा घासून रिकामा द्यायच्या. "बघा, आहे की नाही कुणीतरी आपल्यासारखं," म्हणाली. "आता आपणही रिकामा ठेवायचा नाही." तिनं शंकरपाळे तळायला घेतले.

मी मात्र फडकं बघत बसलो होतो. त्याची गाठ विचित्र होती. शैलाची गाठ चपटी आणि सारखी असते. ही एका बाजूला ओढलेली होती, आणि कापडाच्या एका टोकावर दातांच्या बारीक खुणा होत्या. मोडतोड बघायचीच नजर माझी. एका हातानं, दुसरं टोक दातांत धरून मारलेली गाठ होती ती.

"म्हातारं माणूस असेल," शैला म्हणाली. "वारा गेला असेल हातावरून. बिचारं."

विनी टेबलाशी बसली होती. तिनं ब्लॅकबेरी खाल्ल्या नाहीत. उठून सिंकपाशी गेली आणि उजवा हात साबण लावून बराच वेळ धुत राहिली.

४

जुलैभर हे चाललं. शंकरपाळे गेले, अंजिरं आली. चिवडा गेला, पुन्हा अंजिरं आली. फळं नेहमी एका अंगानं चेपलेली असायची, जणू काढणाऱ्याला बोटं नीट मिटता येत नव्हती. गाठ नेहमी तीच. शैला इतकी खूश होती की स्वयंपाकघरात गाणं म्हणायची. मीही खूश होतो. मुलगी सुधारली होती, बायको गात होती, घरासमोरचं गवत नीट कापलेलं होतं. आणखी काय पाहिजे माणसाला?

फक्त विनीनं सॉफ्टबॉल सोडलं. कारण विचारलं तर म्हणाली, "नॉट इन द मूड."

एका शनिवारी वळणाजवळ पोस्टमन भेटला. मी सहज विचारलं, हा बॉक्स कुणाचा? त्यानं गाडीतूनच मान वाकडी करून पाहिलं. "मी विचारणारच होतो तुम्हाला. इथे बॉक्स नव्हता कधी. तुम्ही का बसवलात?"

"जुना होता की. मोडला होता, म्हणून बदलला."

"सहा वर्षं ह्याच रस्त्यानं जातोय मी," तो म्हणाला आणि हसून निघून गेला.

ह्याचं स्पष्टीकरण मी चटकन शोधलं. माणूस रोजच्या रस्त्यावरचं बघतच नाही. पण घरी येऊन गॅरेजमध्ये गेलो, कारण जुनी पेटी मी तिथेच कोपऱ्यात टाकली होती. पत्रा असा कशाला फेकायचा.

पेटी होतीच. म्हणजे मी काही वेडा नव्हतो. उजेडात आणून बघितली. वरून बॅटचा घाव बसला होता, पत्रा आत गेलेला. मार चांगला होता, खांद्यातून आलेला. बाप म्हणून मला क्षणभर कौतुकही वाटलं. मग पेटी उलटी केली. खालच्या पत्र्याला, घावाच्या बरोबर खाली, चार छोटे उंचवटे होते. एका ओळीत, आतून बाहेर आलेले. पत्र्याला आत काही टेकलेलं असल्याशिवाय असे उंचवटे येत नाहीत. मी माझी मूठ त्यांच्यावर ठेवून पाहिली. चारही बोटांची हाडं नेमकी बसली.

पेटी मी पोत्यात गुंडाळली आणि शैलाला काही सांगितलं नाही.

५

विनीला विचारलं ते गाडीत, ऑगस्टच्या एका शनिवारी. भर सकाळ होती, खिडक्या उघड्या होत्या, रातकिडे दिवसाच ओरडत होते. मागच्या सीटवर शैलानं दिलेल्या करंज्या होत्या.

"विनी, अकरा की बारा?"

तिनं मागच्या सीटवरच्या डब्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "बारा."

"मग वहीत अकरा का लिहिलेस?"

"बिकॉज इट वॉज डिफरंट. बाकीचे सगळे क्लँग वाजले. तो वाजला नाही." तिनं उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. "झडप उघडी होती, बाबा. आत हात होता."

"म्हणजे कुणीतरी तिथे उभं होतं? पत्र काढत होतं? विनी, माणसाला मारलंस तू?"

"कोणी उभं नव्हतं." ती आता माझ्याकडे बघत होती. "बाहेरून आत घातलेला नव्हता. तो आतून बाहेर येत होता. मी बघितला आणि तरी स्विंग केला. थांबता आलं असतं मला. दीपा म्हणाली काय झालं, मी म्हटलं नथिंग, गो."

मी गाडी बाजूला घेतली. उजेडाचा भास असेल, संध्याकाळची वेळ होती, आत पक्षी असेल. सगळं तोंडापर्यंत आलं. पण गॅरेजमधले ते चार उंचवटे मी बोटांनी चाचपले होते.

"घरी जाऊ या," मी म्हटलं. "डबा राहू दे. पुन्हा ह्या रस्त्याला यायचं नाही."

"बाबा, तुम्हीच म्हणालात ना, प्रत्येक दारात जाऊन सॉरी म्हणायचं? तिथे मी उतरलेच नाही. खांब पण तुम्हीच बसवला."

शिकवलेलं पोर असं आपल्याच अंगावर येतं. मला तिचा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी तिला मागच्या सीटवर कोंडून घरी न्यावं असंही वाटलं. मी गाडी चालू केली.

६

निशाण खाली होतं. विनीनं फडकं सोडून करंज्यांचा डबा खांबाशी गवतात ठेवला आणि पेटीची झडप उघडली. मी तिच्या मागे दोन हातांवर उभा होतो. आत रिकामं दिसत होतं. नवा पत्रा, मागची भिंतसुद्धा चकाकत होती.

तिनं खिशातून कागद काढला. बाकी अकरा पत्रं इंग्रजीत होती. हे तिनं मराठीत लिहिलं होतं, रोमन अक्षरांत, म्हणून अडखळत वाचत होती.

"माझं नाव विनीता. मी तुमचा हात मोडला. मला दिसला होता, तरी मी मारला. मग मी खोटं बोलले. माझं चुकलं." थोडं थांबली. पुढचं कागदावर नव्हतं. "तुमचा बरा होईपर्यंत माझा वापरा. शनिवारी सकाळी. मला शाळा नसते."

"विनी!" मी ओरडलो, पण तिनं उजवा हात आत घातला होता.

आधी मनगटापर्यंत गेला. मग कोपरापर्यंत. मग दंड आत गेला, आणि तिचा खांदा पेटीच्या तोंडाला टेकला, गाल पत्र्यावर आला.

ती पेटी मी स्वतः खोक्यातून काढली होती. एकोणीस इंच. माझ्या मुलीचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सव्वीस इंच भरतो, शैला तिचे ब्लाउज शिवते म्हणून मला माहीत आहे. मागचा पत्रा फुगला नव्हता. मी पेटीच्या मागे जाऊन बघितलं, मागे नुसतं रान होतं.

"धरलाय," विनी म्हणाली. हळू, कुणाला झोपेतून उठवायचं नाही अशा आवाजात.

"ओढ, विनी. ओढ बाहेर!"

"नको, बाबा. दुखत नाहीये. बोटं चेक करतंय. एकेक."

मी तिच्या कमरेला मिठी मारून उभा राहिलो. रस्त्यावरून एक ट्रक गेला, ड्रायव्हरनं हात हलवला, मीही हलवला. दुसरं काय करणार होतो? घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. साडेनऊ वाजता विनीचा खांदा सैल झाला आणि हात बाहेर आला. पूर्ण, धडधाकट, पाचही बोटं. मी ती तिथल्या तिथे मोजली. नखांत लाल माती होती, आणि हाताला वेलदोड्याचा वास येत होता.

करंज्यांचा डबा गवतातच राहिला म्हणून मी खाली वाकलो, तर डबा तिथे नव्हता. नजर वर गेली, तर तो पेटीत होता. फडकं त्याभोवती बांधलेलं. गाठ चपटी, सारखी, दोन हातांनी मारलेली.

घरी येताना विनीनं रेडिओ लावला. दोन महिन्यांनी.

७

त्याला आता पाच वर्षं झाली. गेल्या वर्षी तो रस्ता रुंद केला. वळण सरळ झालं, रान तोडलं, तिथे आता हारीनं घरं उभी राहतायत. खांब कुणी काढला ते कळलं नाही. शैलाचा डबा त्याच्याबरोबर गेला. अजून अधूनमधून हळहळते.

मला वाटलं होतं, खांब गेला की सुटलो.

विनी एकवीसची झाली. कॉलेजात छान चाललंय. गाडी इतकी जपून चालवते की मागचे लोक हॉर्न देतात. एखादी खार जरी आडवी गेली, तरी थांबून, उतरून बघते. पण शनिवारी सकाळी नऊ ते साडेनऊ ती कुठलंही काम घेत नाही. परीक्षा असली तर आधी जाऊन प्रोफेसरशी बोलते. सनीव्हेलहून एक स्थळ आलंय, मुलगा चिप डिझाइन करतो. त्यांना शनिवार सोयीचा होता, शैलानं रविवार सांगितला.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी आली होती. शनिवारी सकाळी आम्ही तिघं चहा घेत बसलो. नऊ वाजले तसा विनीनं उजवा हात टेबलावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा, आणि डाव्या हातानं कप उचलून खिडकीबाहेर बघत बसली. थोड्या वेळानं बोटं हलायला लागली. गोल गोल, काहीतरी पुसल्यासारखी. मग दोन टोकं जुळवावीत तशी. शैलानं पाहिलं आणि उठून पोळ्या करायला गेली.

"विनी," मी म्हटलं, "अजून किती दिवस गं?"

"बरा झाला नाहीये अजून, बाबा."

"तुला कसं कळतं?"

"कळतं." ती हसली. "इट्स ओके. अर्ध्या तासाचं काय एवढं? मीच मोडला ना." खरंच सुखात होती ती. बापाला कळतं. मग अंगणात पाखरं आली होती, ती मोजत बसली.

पाच वर्षांत मी त्या वेळी त्या हाताला कधी शिवलो नव्हतो. भीती वाटायची, उगाच कशाला खोटं बोलू. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, मी माझा हात पुढे केला आणि तिच्या बोटांवर ठेवला. ऊबदार होती. क्षणभर बोटं थबकली. मग माझी बोटं चाचपायला लागली, अंगठ्यापासून, एकेक. तर्जनीवर फावड्याचा जुना व्रण आहे, तिथे थांबली. त्याच्यावरून पुन्हा एकदा फिरली.

आणि मग त्या हातानं माझ्या हातावर दोनदा हलकेच थोपटलं, घरच्या म्हाताऱ्या माणसाला थोपटावं तसं.

"आठ," विनी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "नाही, नऊ. बाबा, तुम्ही बघितलीत का?"

"हो," मी म्हटलं. साडेनऊ वाजेपर्यंत मी हात काढला नाही.